सेन्याचं वजन

थंडर बे
१८ एप्रिल १९९४

आयरी,

तुझं पत्र मिळालं. बोट निघाली म्हणतेस, म्हणजे तलावातला बर्फ फुटला असणार. आमच्या अंगणात अजून आहे.

फोन परत कधी घेणार असं विचारलं आहेस. घेणार नाही. मी फोनवर बोलायला लागले की सेन्या भिंतीवर डोकं आपटते. समोर माणूस नाही आणि आई कुणाशी तरी बोलतेय, हे तिला सोसत नाही. मागच्या वेळी टाके पडले. तेव्हा तू पत्रच लिहीत जा. पत्र वाचताना मी गप्प असते, त्यावर तिची हरकत नाही.

ती बरी आहे. सोळा वर्षांची झाली. माझ्याहून उंच झालीय आणि अंगानं आपल्या मुम्मू आजीवर गेलीय. बोलत नाही ते नाहीच, पण कुणी शिंकलं की पोट धरून हसते. त्यामुळे मी उगाच शिंकत असते. शाळा मार्चपासून बंद आहे. तिला उचलणाऱ्या बाईंची पाठ गेली, दुसऱ्या कुणी मिळेनात. म्हणजे दिवसभर घरीच. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून टबात, टबातून परत. ती माझ्या गळ्यात दोन्ही हात टाकते, मी उभी राहते. दोन वर्षांची होती तेव्हापासून असंच चाललंय. उचलणं म्हणजे आईच्या मानेला लटकायचं, एवढंच तिला माहीत.

बाकी काही नाही. तुमची बोट धान्य भरायला इकडे येईल तेव्हा घरी ये. दुपारी येऊ नकोस, तेव्हा अंघोळ असते.

हेल्मी

*

सुपीरिअर तलावावर, बोटीत
६ मे १९९४

हेल्मी,

सगळी बोट जेवून झोपली आहे आणि मी भटारखान्यात उद्याच्या पावाचं पीठ मळून तुला लिहायला बसलेय. पीठ मळताना डोक्यात सगळं पाठ केलं, नाहीतर मी गोड गोड लिहिलं असतं.

परवा तुझ्या दारात उभी राहिले आणि तू दार उघडलंस. ब्लाऊजची बटणं एक घर खाली लावलेली. ठीक आहे, घाईत होतं. मग कॉफी दिलीस आणि कप माझ्या हातात पोचायच्या आधीच सोडलास. त्यावर ना हसलीस, ना "अगं बाई" म्हणालीस. फडकं आणलंस आणि पुसलंस. स्वैपाकघरातून खोलीत जाताना एक हात भिंतीवर आणि पाय फाकवून चालत होतीस. असं कोण चालायचं आपल्या घरात? बाबा. शनिवारी. तळहाताला पट्टी होती. विचारलं तर म्हणालीस, "तवा." हात तव्यावर किती वेळ ठेवला होतास गं, की एवढं मोठं भाजलं?

हेल्मी, तू पितेस का?

रागावू नकोस. मी तुझ्या जागी असते तर कधीच सुरू केली असती. तू बाहेर कपडे वाळत घालत होतीस तेव्हा मी कपाटं उघडून पाहिली. बाटली नाही मिळाली. पण बाबांचीही कुठे मिळायची?

सेन्या मात्र छान दिसत होती. केस धुतलेले, नखं कापलेली, अंगावर एक ओरखडा नाही. मी मिरपूड हुंगून खऱ्याच शिंका काढल्या तर काय हसली! आणि तू तिच्या शेजारी बसलेली, पण तुझ्याकडे बघून वाटलं, तू तिथे नाहीसच.

खरं काय ते लिही.

आयरी

*

थंडर बे
२५ मे १९९४

आयरी,

तू कपाटं उघडलीस ते कळलं. पिठाचा डबा तू नेहमी उलट्या बाजूला ठेवतेस.

पितेस का म्हणून विचारलंस. तुला वाटतं तसं समज.

सेन्याला मधे दोनदा झटके आले. गोळी वाढवून दिली आहे, त्यानं ती जड होते आणि खुर्चीत घसरते. बाकी ठीक. अपंग मुलांच्या सरकारी ऑफिसच्या मिसेस ड्रेपर येऊन गेल्या. त्या दर महिन्याला विचारतात, "आणि तुम्ही कशा आहात?" आणि मी "ठीक" म्हणायच्या आत त्यांनी "ठीक" लिहिलेलं असतं. चांगल्या आहेत. घाईत असतात.

एवढंच कर, त्यांना काही लिहू नकोस. माझ्याबद्दल एक अक्षरही नको.

हेल्मी

*

पोर्ट कॉल्बर्न
१४ जून १९९४

हेल्मी,

"तुला वाटतं तसं समज" हे काय उत्तर झालं? लहानपणी माझी बाहुली मोडलीस तेव्हाही असंच म्हणाली होतीस आणि बाहुली तूच मोडली होतीस.

ड्रेपरबाईंना पत्र लिहिलं होतं. पाकीट चिकटवलंसुद्धा. मग फाडलं, कारण तू कधी काही मागत नाहीस आणि या वेळी मागितलंस. पण हे बरोबर केलं की चूक, ते मला माहीत नाही. आमच्याकडे ग्रँट म्हणून एक खलाशी आहे, दारू सोडणाऱ्यांच्या मंडळात जातो. तो म्हणतो, "तुमच्या बहिणीवर ओरडू नका, ओरडून कुणी सुटत नाही." म्हणून मी ओरडत नाहीये. ही मी न ओरडतानाची आहे.

जानेवारीत बोट बंद झाली की येते आणि तुला हाताला धरून मंडळात नेते. तोवर निदान सेन्याला टबात उतरवताना तरी शुद्धीत राहा गं.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे.

आयरी

*

थंडर बे
२२ जुलै १९९४

आयरी,

सेन्या पडली. माझ्या हातून पडली.

सोमवारी दुपारी टबातून काढताना. तिचे हात माझ्या गळ्यात होते, माझे तिच्या पाठीमागे बांधलेले. ते सुटले. मी सोडले नाहीत. सुटलेत हे मला कळलंच नाही, ती खाली गेली तेव्हा दिसलं. टबाच्या काठावर खांदा आपटला. गळपट्टीचं हाड मोडलं. मी तिला उचलू शकले नाही, तशीच टॉवेलात गुंडाळून तिथे बसले आणि शेजारच्या मिसेस पेल्टोना हाका मारत राहिले. सेन्या ओरडत होती. माझा आवाज तिच्यापुढे पुरेना.

इस्पितळात तिला पट्टा बांधला. मग तो तरुण डॉक्टर तिचे कागद लिहिता लिहिता माझ्याकडे बघायला लागला. म्हणाला, "बाई, जरा त्या दारापर्यंत चालून दाखवता?" मी म्हटलं, "पेशंट ती आहे." तो म्हणाला, "हो, पण चाला." मी चालले. मग त्यानं माझ्या हातात पेन दिलं आणि डोळे मिटायला सांगितले. डोळे उघडले तेव्हा पेन खाली पडलेलं होतं.

तर हे असं आहे. मी पीत नाही. बोटं गेल्या हिवाळ्यात बधिर झाली. आधी करंगळी, मग सगळी. पायांचंही तेच, घरात आहे तोवर भिंत असते. मान खाली घातली की पाठीतून विजेसारखं काहीतरी पायापर्यंत जातं. तव्यावर हात पडला तो वास आल्यावर समजला. मानेतले मणके झिजून आत रुतलेत आणि मज्जारज्जू दाबला जातोय, असं म्हणतात. डॉक्टरनं विचारलं, "काम काय करता?" मी म्हटलं, "काही नाही, घरी असते." "वजन उचलता?" मी सेन्याकडे बोट केलं. त्यानं ते लिहून घेतलं. मग म्हणाला, त्यानंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, पण त्यानं मानेचं भलं नक्कीच झालेलं नाही. रक्तदाबही बराच चढलेला निघाला. तो कधीपासून, तेही मला माहीत नव्हतं.

तुला का सांगितलं नाही? कारण तू ओरडली असतीस आणि ते ड्रेपरबाईंच्या कानावर गेलं असतं. आई उचलू शकत नाही असं एकदा कागदावर आलं की पोरीला ड्रायडन गावच्या अपंगांच्या घरात नेतात. बसनं चार तास. तिथे कुणाला माहीत असणार, तिला हसायला शिंका लागतात म्हणून? तू मला दारुडी समजलीस तेव्हा मला बरंच वाटलं. दारू सोडता येते, लोकांना ते समजतं.

टोरांटोला ऑपरेशन करायचंय. लवकर नाही केलं तर हात जातील, मग पाय. मी नाही म्हणून आले. सेन्याला कोण बघणार?

अक्षर असं का, ते आता तुला माहीत आहे.

हेल्मी

*

डेट्रॉईट नदी
३ ऑगस्ट १९९४

हेल्मी,

तुझं पत्र आत्ता टपालाच्या होडीतून आलं. दोराला बांधलेल्या बादलीतून वर ओढलं. मी भटारखान्याच्या दारात उभी राहून वाचलं आणि ग्रँटला वाटलं, कुणी गेलं. बटाटे जळले. जळू देत.

मला हव्या तेवढ्या शिव्या घाल. समोर आल्यावर घाल, लिहू नकोस, हात वाचव.

कप्तानाला सांगितलं. तो म्हणाला, "मोसमाच्या मधे मी स्वैपाकी कुठून आणू?" मी म्हटलं, "तुम्हाला अंडी उकडता येतात ना?" सू सेंट मरीला उतरून बसनं येते. शुक्रवारी पोचेन. टोरांटोला कळव, तू येणार आहेस म्हणून. मी आयुष्यभर पन्नास पन्नास किलोची पोती इकडून तिकडे हलवली आहेत, मला काय सांगतेस.

सेन्याला माझी एक शिंक दे.

आयरी

*

टोरांटो
१२ सप्टेंबर १९९४

आयरी,

हे पत्र शेजारच्या खाटेवरच्या डोरीन लिहून देत आहेत. मी सांगते, त्या लिहितात. (नमस्कार. मी डोरीन. माझा कंबरेचा सांधा बदललाय. तुमची बहीण फार कमी बोलते, मला ओढून काढावं लागतंय.)

ऑपरेशन झालं. मानेत पट्टी आणि स्क्रू घातलेत, बाहेरून गळपट्टा आहे. डॉक्टर म्हणतात, गेलं ते परत येईलच असं नाही, पण जायचं थांबलं. ते चांगलं आहे म्हणतात. डाव्या हाताला पाणी गरम की गार ते आता कळतं. उजव्याला नाही. चालायला शिकवताहेत, दोन बायका दोन बाजूंना धरतात. मला कुणी धरलंय हे विचित्र वाटतं. (रडली नाही हो, एकदाही. मी तिच्या वतीनं रडले.)

आता नीट ऐक. गोळी सकाळी सफरचंदाच्या गरातून, दह्यातून दिली तर थुंकते. टॉवेल आधी हीटरवर गरम करायचा आणि तोंडावर ठेवायचा, मगच टब. उचलताना तिला मानेला लटकू देऊ नकोस. कंबरेला पट्टा बांधून उचल, मिसेस ड्रेपरनी आणून दिलेला दाराच्या मागे आहे. मी तो कधी वापरला नाही. तिला आवडत नव्हता.

ती मला शोधते का?

हेल्मी

*

थंडर बे
१ ऑक्टोबर १९९४

हेल्मी,

डोरीनबाईंना माझा नमस्कार. त्यांना म्हणावं, हिला लहानपणीही ओढूनच काढावं लागायचं.

शोधते. पहिला आठवडा तुझ्या खोलीच्या दाराकडे बघून हूं हूं करायची. आता मी तुझा तो तपकिरी स्वेटर घालते, त्यावर काम भागतं. खांदा जुळलाय. गेल्या रविवारी वाफेची खोली, आपला सौना, तापवला आणि तिला उंबऱ्याशी बसवून पाय गरम केले, तर डोळे मिटून अर्धा तास बसली, महाराणी.

आमचं झकास चाललंय. पट्टा तिनं पहिल्याच दिवशी फेकला. माझ्याच गळ्यात पडते, काय करू, एवढ्या प्रेमानं पडते. मी बळकट आहे. घर जरा माझ्या सोयीनं लावलंय, तवे आणि कप वरच्या फळीवरून खाली काढलेत. जेवण मी उभ्या उभ्याच उरकते, बसलं की तिला काहीतरी हवं असतं. दाढेची थोडी कुरकुर आहे, लवंगेचं तेल लावते. दिवसातून कधी कधी जिन्यावर जाऊन बसते, तिथून तलाव छान दिसतो.

मिसेस ड्रेपर आल्या होत्या. विचारलं, "आणि तुम्ही कशा?" म्हटलं, "ठणठणीत." लिहिलं त्यांनी.

तू घाई करू नकोस.

आयरी

*

टोरांटो
१४ ऑक्टोबर १९९४

आयरी,

हे मी स्वतः लिहितेय. डाव्या हातानं. चार ओळींना सकाळ जाते, म्हणून थोडंच.

जिन्यावरून तलाव दिसत नाही. पेल्टोंची गाड्यांची शेड दिसते.

कप खाली का काढलेस? हात खांद्याच्या वर जात नाही का? कुठला? जिन्यावर बसतेस, कारण तिथे सेन्याची खुर्ची येत नाही आणि जरा वेळ तरी कुणी गळ्यात पडत नाही. मीही तिथेच बसायची. दाढेला लवंगेचं तेल मीही लावलं, मग दाढ तुटली. डोकं दुखतं का, मागच्या बाजूला? नाकातून रक्त आलं का?

खरं काय ते लिही.

हेल्मी

*

थंडर बे
२७ ऑक्टोबर १९९४

हेल्मी,

डाव्या हातानं लिहून माझी हजेरी घेतेस! बरं.

उजवा खांदा. वर जात नाही. स्नायू फाटलाय की काय, बघायला जायचंय, पण तिला कुणाकडे ठेवून जाऊ? दाढ तुटली. नाकातून दोनदा रक्त आलं, लगेच थांबलं. गेल्या आठवड्यात तिला झटका आला तेव्हा मी खाली आणि ती माझ्यावर, आम्ही दोघी तशाच जमिनीवर पडून राहिलो, ती शांत होईपर्यंत. मग तिनं माझ्या कानात जांभई दिली. मला हसू आलं, पण बरगडी दुखत होती.

ऐक. बोटीवर परत जाणार नाही, असं कप्तानाला कळवलंय. तू ये, मी राहते. दोघी मिळून करू. तुझी मान गेली, माझा एक खांदा आहे अजून, तिला काय लागतं? मी एवढी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना पॅनकेक घालत पाण्यावर फिरले, माझं असं कोण आहे? मला हे करू दे. मी थकले नाहीये. फक्त मला काही वाटेनासं झालंय, चांगलं नाही आणि वाईटही नाही. दिवस कुठला ते कॅलेंडरवर बघते. असं होतं का? तुलाही झालं होतं का?

आयरी

*

टोरांटो
८ नोव्हेंबर १९९४

आयरी,

डोरीन घरी गेल्या. हे इथल्या एका नर्सला सांगून लिहून घेतेय, कारण लांब आहे आणि डाव्या हातानं होणार नाही.

हो. मलाही झालं होतं. मला वाटायचं, बधिरपणा बोटांपासून सुरू झाला. नाही. तो आधीच होता, बोटं नंतर आली.

काल मी मिसेस ड्रेपरशी इथल्या फोनवरून बोलले. ड्रायडनच्या घरात एक जागा रिकामी आहे. मी हो म्हणून सांगितलं आणि सही पाठवली. महिन्याअखेरीला गाडी येईल.

तू भांडशील म्हणून आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू राहिली असतीस. मग माझ्या जागी तू, आणि दोन-तीन वर्षांनी तुझ्या हातून ती पडली असती. डॉक्टरांनी मला सांगितलंय, यापुढे पिठाच्या पिशवीपेक्षा जास्त काही उचलायचं नाही. मी त्यांना विचारलं, तिला जवळ तरी घेता येईल? ते म्हणाले, बसून.

तुझी पत्रं मी इथे परत परत वाचली. तीन महिन्यांत तुझं अक्षर सांडायला लागलंय. माझं सांडायला चौदा वर्षं लागली आणि कुणी पाहिलं नाही. तुझं मी पाहिलं. म्हणून सही केली. तिच्यासाठी केली असं मला वाटत नाही. तुझ्यासाठी केली. तिच्यासाठी मला करता आली नसती.

तपकिरी स्वेटर तिच्या पेटीत घाल. न धुता.

हेल्मी

*

थंडर बे
३० नोव्हेंबर १९९४

हेल्मी,

आज गाडी आली.

तुझ्या पत्रावर मी आठवडाभर उत्तर लिहिलं आणि फाडलं. त्यात तुला जे जे म्हटलं होतं, ते तू ऐकू नयेस म्हणून फाडलं असं नाही. हात दुखायला लागला म्हणून फाडलं.

दोन माणसं आली होती, एक बाई, एक बाप्या. गाडीला यंत्राची फळी होती. खुर्चीसकट वर गेली. कुणी उचललं नाही. मी तिचे हात गळ्यात घेणार होते, त्या बाई म्हणाल्या, "नको हो, लागत नाही." मी हात तसाच पुढे धरून उभी. गाडीत बसल्यावर सेन्यानं खिडकीला गाल लावला. रडली नाही. तो बाप्या शिंकला, खरंच सर्दी झाली होती त्याला, आणि ती जी हसायला लागली ती गाडी वळेपर्यंत हसत होती. मला तिचा राग आला. हे कुणाला सांगू नकोस.

घर गरम ठेवलंय. तू येशील तेव्हा मी इथेच असेन. मार्चपर्यंत. मग बघू, कप्तान परत घेतो का. खांद्याच्या डॉक्टरची तारीख घेतली.

आयरी

*

थंडर बे
१९ एप्रिल १९९५

आयरी,

तू गेल्यावर पहिलंच पत्र. उजव्या हातानं लिहितेय. पेनाला जाड रबर लावून दिलंय, ते दिसतं, म्हणून धरता येतं. जाणवत नाही. कप्तानानं परत घेतलं हे बरं झालं. नवा स्वैपाकी अंडी कच्ची ठेवायचा, असं ग्रँटनं कार्डावर लिहिलंय.

मागच्या आठवड्यात ड्रायडनला जाऊन आले. सेन्या चांगली आहे. हे लिहायला मला जड जातंय, पण आहे. वजन वाढलंय. छताला रूळ आणि झोळी आहे, बटण दाबलं की ती पलंगावरून उठून टबापर्यंत तरंगत जाते. तिला ते आवडतं, हात पसरते. पाळीपाळीनं तीन बायका आहेत. त्यांच्यातल्या एकीला मी विचारलं, "तुमची पाठ कशी आहे?" ती म्हणाली, "बरी आहे, का हो?" आणि पाळी संपल्यावर डबा उचलून घरी गेली. मी बघत राहिले. ती घरी गेली.

मी बसून होते, सेन्या शेजारी. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग टीव्हीकडे, मग परत माझ्याकडे. ओळखलं. हात गळ्यात टाकायला निघाली, गळपट्टा निघालाय पण मी भ्यायले आणि मागे सरकले. आयुष्यात पहिल्यांदा. तिनं हात खाली घेतले आणि माझ्या मांडीवर ठेवले. जड होते. मी निघाले तेव्हा तिनं दाराकडे पाहिलं नाही. बसमध्ये मला रडू येईल म्हणून खिडकीची जागा घेतली होती. आलं नाही. बर्फ, झाडं, बर्फ.

काल ड्रेपरबाईंनी पाठवलं म्हणून मी दवाखान्यात गेले. सगळं नव्यानं तपासायचं, रक्तदाब, साखर, डोळे, सगळं. किती वर्षांनी आलात म्हणून विचारलं, मला सांगता आलं नाही. नर्स नवीन आहे, मुलगीच म्हण, वेणी घातलेली. एकेक प्रश्न विचारत होती. "खाणं व्यवस्थित?" मी म्हटलं, "पातळ केलं तर खाते." "पोट साफ होतं?" "गोळी वाढवली की नाही होत." "झोप कशी आहे?" "दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते."

तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "तुमची हो. मी तुमचं विचारतेय."

बाहेर माणसं खोळंबली होती, खोकत होती. मी म्हटलं, "ठीक." तिनं ते लिहिलं नाही. तशीच बसून राहिली माझ्याकडे बघत, घाई नसल्यासारखी.

मग मी सांगायला लागले.

हेल्मी